माग नंबर तीन

लँकेशायरमधलं नेल्सन. चर्चमागचा हॉल.
फेब्रुवारीतला शनिवार, हीटर एकच, तोही खोकणारा.
बॅडमिंटनच्या रेषा आखलेल्या फरशीवर
घडीची नऊ टेबलं,
टेबलांवर हेडफोनच हेडफोन
पालथ्या घातलेल्या वाट्यांसारखे.

आत आलो तेव्हा कुणी वळून पाहिलं नाही.
चौदा माणसं डोळे मिटून,
प्रत्येकाची मान वेगळ्या तालात,
आणि खोलीत आवाज म्हणाल तर
किटलीचा.

मग एकजण कानांवरून उतरवतो, म्हणतो, उबदार आहे.
दुसरा म्हणतो, उबदार खरा, पण मध्ये जरा गाळ साचतो.
वरणाची चव सांगावी तसं चाललेलं.
कॉलिन ग्रिमशॉचा जोड अक्रोडाच्या लाकडाचा,
बायकोला किंमत निम्मीच सांगितलेली,
आम्हाला पूर्ण सांगतो, दोनदा.
इम्तियाज म्हणतो, आता चांदीची केबल लावलीय,
बघा, छत उडालं की नाही?
आम्ही माना डोलावतो. उडालं, उडालं.
केबल बदललीच नव्हती, हे त्यालाही
चहाच्या वेळी खिशात ती सापडल्यावर कळलं.
इतके तयार कान,
आणि इतके हलके.

पारखायला प्रत्येकानं आपापलं काही आणलेलं.
कुणाचा चेलो, कुणाचा ढोल,
एकाची तर नुसती रिकामी खोली, अकरा मिनिटं.
माझ्याकडे इचलकरंजी:
अण्णांच्या शेडमधले सोळा माग
भंगारवाला येण्याच्या आदल्या सकाळी.
खडखट्ट खडखट्ट, चार मिनिटं बावीस सेकंद.
कॉलिननं ऐकलं, वायर हलवून पाहिली,
विचारलं, फाइल खराब झालीय का?

चहा देणाऱ्या बाई म्यूरिअल सागर.
(आडनाव सागर. इथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं.)
वय सत्त्याऐंशी, पंधराव्या वर्षी गिरणीत,
तिशीत कान गेले.
ओठांवरून वाचतात.
गिरणीत सगळ्या जणी तशाच बोलायच्या,
आवाजाला सुट्टी देऊन, तोंड भरभरून,
अगदी चार माग पलीकडच्या बाईची चहाडीसुद्धा.
कान झाकलेल्या या खोलीत
कोण काय म्हणतंय ते कळत होतं
फक्त त्यांना.

मी ओठांनी म्हटलं, माग.
त्यांनी कप ठेवला. हात पुढे केला.

कॉलिनचा जीव वर-खाली,
कारण बोटांना बिस्किटाचा चुरा.
त्यांनी हेडफोन डोक्याला लावलाच नाही.
एक वाटी तळहातात घेतली,
दुसरी हनुवटीखाली, जबड्याच्या हाडाला,
ताप बघावा तशी.
डोळे उघडेच. नजर बॅडमिंटनच्या रेषेवर.
पायाचा अंगठा बुटातल्या बुटात हलत असावा,
कारण बूट हलत होता.

मग सपाट, कडा घासून गेलेल्या आवाजात म्हणाल्या,
"एक उशिरा मारतोय.
पट्टा सैल आहे. कुणी बघितलं नाही का?"

नंबर तीन.
अण्णा रोज म्हणायचे, उद्या बघतो.

मी ओठांनी म्हटलं, नाही बघितलं.
त्या म्हणाल्या, तोंड उघडून बोल, पुटपुटू नकोस.
मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं, म्हणजे आवाजाशिवाय.
त्यांनी हेडफोन परत केला,
दूध किती विचारलं,
आणि पुढच्या टेबलाकडे गेल्या.

चार वाजता हॉल झुंबावाल्यांना द्यायचा होता.
केबली गुंडाळता गुंडाळता कॉलिन विचारतो,
कितव्या सेकंदाला? डावीकडे की उजवीकडे?
पुन्हा लावतो, डोळे घट्ट मिटतो,
कपाळाला आठ्या. पुन्हा लावतो.

मी काही सांगत नाही.
मलाही तो कधी ऐकू आला नव्हता.
मला नुसता माहीत होता.